३६० चा रेडिएटर पुढेच ठेवू की वर चढवू? रेंडरला कार्ड फार तापतंय

रात्रीचा_रेंडर:

मंडळी, नमस्कार. एरवी नुसता वाचत असतो, आज मात्र विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी सामान सांगतो. रायझन ९ ५९००एक्स सीपीयू, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, मिड टॉवर कॅबिनेट, पुढे जाळी, वरही जाळी. सीपीयूला ३६० मिमीचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर असलेला तयार बंद वॉटर कूलर) आहे आणि त्याचा रेडिएटर सध्या पुढे बसवलाय. त्याचे तीन १२० चे पंखे बाहेरची हवा रेडिएटरमधून आत ढकलतात. वर दोन १४० चे आणि मागे एक १२० चा, हे तिन्ही हवा बाहेर टाकतात. नळ्या रेडिएटरच्या वरच्या टोकाला आहेत, कारण खालून घेतल्या तर कार्डाच्या टोकाला घासतात.

काम म्हणजे ब्लेंडरमध्ये सायकल्सवर रेंडर, तोही कार्डावर. रात्री लावायचं आणि झोपायचं.

तक्रारी दोन. रेंडर चालू असताना सीपीयू ५३ अंशांवर मजेत बसलेला असतो, पण कार्डाचा कोअर ८० आणि मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान) १०६ दाखवतं. खोली तेव्हा २८ अंश. ११० ला ही मेमरी स्वतःला आवर घालते, म्हणजे मी अगदी काठावर आहे. दुसरी तक्रार किरकोळ: मशीन सुरू केलं की पहिली एक-दोन मिनिटं पुढून गुडगुड ऐकू येते, मग थांबते.

सल्ले मिळाले दोन आणि दोन्ही ठाम. एक म्हणतो, "वर लाव, गरम हवा वरच जाते." दुसरा म्हणतो, "वर लावलास तर कार्डाची सगळी गरम हवा रेडिएटरमधून जाणार, सीपीयू भाजून निघेल." दोघांचंही ऐकताना पटतं, हीच पंचाईत आहे. उलगडून सांगेल का कोणी?

पाना_पक्कड:

सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो. पुढचे तीन पंखे मदरबोर्डच्या कुठल्या हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) आहेत आणि त्यांचा वेग कशाच्या तापमानावर ठरतो? आणि रेंडर चालू असताना ते प्रत्यक्षात मिनिटाला किती फेऱ्यांवर असतात? ऐन रेंडरच्या वेळचा आकडा हवा, बायोसमध्ये शिरून पाहिलेला नको.

रात्रीचा_रेंडर:

@पाना_पक्कड, तिन्ही एका स्प्लिटरवरून सीपीयू_फॅन हेडरला. पंप वेगळ्या हेडरवर, कायम पूर्ण वेगात. पंख्यांचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग, तो आलेख) बायोसमधला तयारच, सीपीयूच्या तापमानावर चालणारा. आत्ताच एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहिलं: रेंडर चालू, पुढचे पंखे ६८० फेरे. वरचे आणि मागचा ९०० च्या आसपास.

जुनाट_कॅबिनेट:

मग दुखणं तुम्हीच दाखवलंत की. ६८०! आत तीनशेवीस वॅटचं कार्ड पेटलेलं आहे आणि त्याला हवा किती द्यायची हे ठरवतोय कोण, तर ज्याला सध्या काहीच काम नाही तो सीपीयू. तो ५३ वर खूश आहे, म्हणून पंखे आरामात. कार्ड तापलंय हे पुढच्या पंख्यांपर्यंत पोचतच नाही.

पुढे की वर हा वाद मी बराच काळ वाचत आलोय आणि माझं स्पष्ट मत असं, की त्यात बहुतेकदा चुकीचा आकडा बघितला जातो. लोक सीपीयूचे दोन-तीन अंश मोजत बसतात. तुमच्यासारख्या कामात सीपीयूची चिंता करायचंच कारण नाही. एकूण किती वॅट आत ओतले जातात आणि ते घेऊन किती हवा बाहेर पडते, एवढंच बघायचं. तुमच्या रेंडरला कार्ड ३२० आणि बाकी सगळं मिळून ५० धरा, म्हणजे ३७० वॅट. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा गेली तर ती बाहेर पडेपर्यंत साधारण १३ अंशांनी तापते. १०० घनफूट गेली तर साडेसहा अंशांनी. हिशेब एवढाच आहे. आता पंख्याच्या खोक्यावर साठ-सत्तर सीएफएम (मिनिटाला घनफूट) छापलेलं असतं ते मोकळ्या हवेत, पूर्ण वेगाला. ६८० फेऱ्यांवर, पुढे फिल्टर, मागे रेडिएटरच्या दाट फिन, अशा अवस्थेत त्यातलं किती उरत असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

दुसरी गोष्ट म्हणजे वरचे १४० चे. त्यातला पुढच्या बाजूचा जो आहे, तो रेडिएटरमधून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आतच वरून पळवतो. खात्री करायची असेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, बाजूची काच किंचित उघडून कॅबिनेटच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात धरा. पट्टी मागे झुकण्याऐवजी सरळ वर खेचली गेली तर समजून जा. पाती आणि बोटं मात्र सांभाळा.

"गरम हवा वर जाते" हे खरं आहे, पण पंख्यांपुढे तिचं काही चालत नाही. अगदी सावकाश फिरणारा पंखासुद्धा हवा हवी त्या दिशेला नेतो. तेव्हा त्या कारणासाठी वर लावू नका. वर लावायला याहून चांगली कारणं आहेत, ती नंतर.

आधी पाना हातात न घेता एवढं करून बघा. एक, बाजूची काच पूर्ण काढून तोच सीन रेंडर करा. मेमरीचं तापमान दहाएक अंश उतरलं तर दोष हवेचा. जेमतेम एक-दोनच उतरलं तर दोष कार्डाच्या आतल्या थर्मल पॅडचा (मेमरीची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या मऊ पट्ट्यांचा), मग रेडिएटर छपरावर नेऊन टांगला तरी उपयोग नाही. दोन, काच परत लावा, पुढचे तिन्ही पंखे १२०० फेऱ्यांवर बांधून टाका, वरचा पुढचा बंद करा, पुन्हा तोच सीन. प्रत्येक वेळी निदान अर्धा तास चालू द्या. पाणी तापायला वेळ घेतं, पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर काल आणि आजची तुलना करता येत नाही.

शांतता_हवी:

जुनाटरावांच्या वेगाच्या मुद्द्याला +१, पण सगळेच रेडिएटर वर न्यायला निघालेत त्याला माझा विरोध नोंदवून ठेवतो. पुढे लावल्यावर रेडिएटरला खोलीतली ताजी हवा मिळते. सीपीयू आणि कार्ड दोन्ही एकदम राबवणाऱ्याला त्याचा फायदा असतो. माझ्याकडे पुढेच आहे आणि पुढेच राहणार.

गुडगुडीचं कारण मात्र नळ्यांची दिशा आहे. कुठल्याही बंद एआयओत थोडी हवा असतेच, आणि वर्षं जातात तशी वाढते, कारण नळ्यांच्या रबरातून पाणी अगदी सावकाश झिरपून उडतं. ती हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते. तुमच्याकडे सर्वांत उंच जागा म्हणजे रेडिएटरची वरची टाकी, आणि पाण्याची ये-जा नेमकी तिथूनच. म्हणून सुरुवातीला पंप पाण्याबरोबर हवेचे बुडबुडेही ओढतो. नळ्या खाली घेतल्या तर हवा वरच्या बंद टाकीत पडून राहते, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

वरची टाकी पंपापेक्षा उंच आहे ना, तेवढं बघा. असेल तर नळ्या वर असूनही धोका नाही, फक्त आवाज. खरी वाईट मांडणी म्हणजे रेडिएटर तळाला आणि पंप सर्वांत उंच. तिथे हवा पंपातच जमते आणि पंप कोरडा फिरू लागतो.

जुनाट_कॅबिनेट:

@शांतता_हवी, बरोबर आहे तुमचं. दोन्ही एकदम राबवत असाल तर पुढे लावण्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण धागाकर्त्याचा सीपीयू रेंडरला झोपलेला असतो. झोपलेल्याला खिडकीजवळची जागा कशाला?

आणि त्यांनी स्वतःच लिहिलंय की खालून घेतल्या तर नळ्या कार्डाला घासतात. कार्डाच्या धातूच्या काठावर पंपाच्या सूक्ष्म कंपनाने नळी घासत राहणं मला तरी नको वाटतं.

नवा_बिल्डर:

जरा आगाऊपणा करतो. माझा रायझन ७७००एक्स सिनेबेंचला (सीपीयूवर पूर्ण ताण देणारी चाचणी) थेट ९५ दाखवतो, वर ३६० चाच रेडिएटर आहे. पंखे सगळे पूर्ण केले तरी ९५ च. माझीही हवा अडली असेल का?

पाना_पक्कड:

@नवा_बिल्डर, नाही. ७००० मालिकेतले एक्सवाले रायझन ९५ पर्यंत जायला मोकळे सोडलेले आहेत. तिथवर जागा मिळाली की ते वेग वाढवतात. त्यामुळे अंश बघू नका, किती वॅट घेतोय आणि किती क्लॉक (चिपचा वेग) टिकतोय ते बघा. पंखे वाढवल्यावर क्लॉक वाढत असेल तर कूलिंग काम करतंय. इको मोड (कमी वॅटची मर्यादा) लावून बघा, आकडा खाली येईल आणि कामात फारसा फरक जाणवणार नाही. बाकी शंकांसाठी वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

रात्रीचा_रेंडर:

करून पाहिलं. तोच सीन, खोली २८ अंश, प्रत्येक वेळी अर्ध्या तासानंतरचे आकडे.

काच काढून: कोअर ७३, मेमरी ९६.
काच लावून, पुढचे १२०० वर, वरचा पुढचा बंद: कोअर ७५, मेमरी ९८.

म्हणजे पॅड शाबूत आहेत आणि हवाच कमी पडत होती. नुसत्या कर्व्हने आठ अंश गेले हे बघून जरा ओशाळल्यासारखं झालं, पण आनंदही झाला. टिश्यूची पट्टी धरली, ती खरोखर छताकडे उभी राहिली.

आता प्रश्न आवाजाचा. १२०० वर रेडिएटरमधून हवा ढकलताना एक बारीक सूं येतं, मशीन शेजारच्याच खोलीत असतं. हीच हवा कमी आवाजात मिळेल का?

जुनाट_कॅबिनेट:

मिळेल, आणि आता वर लावण्याची खरी कारणं सांगतो.

पुढून रेडिएटर हलला की आत येणाऱ्या हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा जातो. तेच पंखे, तेच फेरे, पण फक्त जाळीतून हवा घ्यायची असल्यामुळे ती जास्त येते आणि आवाज कमी होतो. वरून काढलेले दोन १४० चे पुढे लावा. बहुतेक कॅबिनेटना पुढे ३×१२० किंवा २×१४० दोन्हीची भोकं असतात, तुमच्याला बघून घ्या. खालचा पंखा कार्डाच्या पातळीला येईल असा बसवा. रेडिएटर त्याच्या तीन पंख्यांसकट वर, हवा बाहेर टाकणारा. नवीन काहीच घ्यावं लागत नाही. नळ्यांची टाकी आडवी आणि पंपापेक्षा उंच राहील, त्यामुळे गुडगुडही बहुधा जाईल.

किंमत काय मोजाल? सीपीयू थोडा जास्त तापेल, कारण रेडिएटरला आता कार्डाने कोमट केलेली हवा मिळणार. ५९००एक्सची मर्यादा ९० आहे आणि तो मूळ सेटिंगला १४२ वॅटच्या वर जात नाही. ३६० च्या रेडिएटरला एवढं काही जड नाही.

बसवण्याआधी मोजा. रेडिएटर २७ मिमी आणि पंखा २५ मिमी, मिळून ५२. वरच्या जाळीपासून मदरबोर्डच्या कडेपर्यंत तेवढी जागा नसेल तर पंखे बोर्डाच्या वर झुकतील आणि रॅमच्या उंच हीटसिंकला टेकतील. बऱ्याच कॅबिनेटमध्ये वरच्या पट्ट्या काचेच्या बाजूला सरकवलेल्या असतात ते याच्याचसाठी.

सीपीयूची आठ पिनांची पॉवर केबल रेडिएटर चढवायच्या आधी लावा. नंतर त्या कोपऱ्यात दोन बोटंही शिरत नाहीत.

आणि स्क्रू! लांब स्क्रू पंख्यातून रेडिएटरला जाणारे, आखूड स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्यातून रेडिएटरला जाणारे. अदलाबदल झाली आणि लांब स्क्रू पत्र्यातून आवळत नेला, तर तो फिनमधून पाण्याच्या चपट्या नळीत घुसतो. स्क्रू अपेक्षेपेक्षा जास्त वेळ फिरतोय असं वाटलं की थांबा.

पंखे रेडिएटरच्या खाली ठेवून वर ढकलायचे की वर ठेवून खेचायचे, यात तापमानाचा फरक नगण्य. साफसफाईचा फरक मात्र मोठा. खालून ढकलणारे लावले तर पंखा आणि फिन यांच्या मध्ये धुळीचा गोधडीसारखा थर बसतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. सगळं झकास दिसतं आणि तापमान दर महिन्याला गुपचूप वाढत असतं. टॉर्च घेऊन पात्यांच्या फटीतून बघायची सवय लावा.

वरची चुंबकी जाळी काढून ठेवा. बाहेर जाणाऱ्या हवेला फिल्टर कशाला हवा?

शांतता_हवी:

एक भर. मागचा १२० चा उलटा फिरवून आत हवा घेणारा केला तर वरच्या रेडिएटरला थोडी थंड हवा मिळते. काही जण करतात. सीपीयू दोनेक अंश उतरतो असा माझाही अनुभव आहे.

जुनाट_कॅबिनेट:

उतरतो. पण त्याच्याच खाली कार्डाच्या पट्टीतून गरम हवा बाहेर पडत असते, मशीन भिंतीला चिकटून असेल तर तीच पुन्हा आत येते. शिवाय मागे फिल्टर नसतो. मी तरी मागचा बाहेर टाकणाराच ठेवीन, अगदी सावकाश. तोच एक पंखा आता व्हीआरएमवरून (सॉकेटभोवतीचा, सीपीयूला वीज पुरवणारा भाग) हवा ओढणारा उरतो. टॉवर कूलर असता तर त्याच्या पंख्याची हवा आपोआप तिथे लागली असती, एआयओत सॉकेटभोवतीचा तो भाग पोरका होतो.

पाना_पक्कड:

कर्व्हबद्दल लिहितो, कारण मांडणी बदलली तरी कर्व्ह जुनाच ठेवला तर पहिले पाढे पंचावन्न.

सीपीयूच्या तापमानावर रेडिएटरचे पंखे चालवणं मुळातच विचित्र आहे. ब्राउझर उघडला की चिप क्षणात ४५ वरून ६२ वर उडी मारते, पण पाण्याला त्याचा पत्ताही नसतो. पाणी पूर्ण तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. पंखे मात्र चिपमागे धावत वर-खाली भुणभुणत राहतात. तुमच्या एआयओत पाण्याचा सेन्सर असेल तर वरचे तीन त्याच्यावर चालवा. नसेल तर बायोसमध्ये वेग बदलण्याचा विलंब जास्तीत जास्त ठेवा.

पुढचे दोन १४० कार्डाच्या तापमानावर. बऱ्याच बायोसना कार्डाचं तापमान दिसतच नाही, त्यासाठी विंडोजमध्ये फॅन कंट्रोल हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात दोन कर्व्ह जोडून "जो मोठा तो" असं सांगता येतं, ते वरच्या तिघांना लावा: सीपीयू आणि कार्ड यांपैकी जो जास्त मागेल त्याचं ऐकायचं. नाहीतर रेंडरच्या वेळी वरचे पुन्हा झोपतील आणि कार्डाची हवा रेडिएटरखाली तुंबेल.

सीपीयू_फॅन हेडर रिकामा ठेवू नका, बायोस सुरुवातीलाच पंखा नाही म्हणून अडून बसतं. आणि पंप आहे तसाच राहू द्या.

रात्रीचा_रेंडर:

झालं एकदाचं. बसवताना सर्वांत जास्त वेळ कशात गेला असेल तर केबली पुन्हा बांधण्यात. आठ पिनांची केबल आधी लावली, त्याबद्दल जुनाटरावांना मनापासून धन्यवाद, कारण रेडिएटर चढवल्यावर तो कोपरा मला दिसेनासाच झाला. रॅम आणि पंख्यामध्ये जेमतेम एक जाड पुठ्ठा जाईल एवढी फट उरलीय.

खोली २८, तोच सीन, अर्धा तास:
कोअर ७२, मेमरी ९२. पुढचे १४० चे ९०० वर, वरचे ८०० वर, मागचा ६००. सीपीयू ५३ चा ६० झाला.

फक्त सीपीयूवर सिनेबेंच अर्धा तास: आधी ७३ यायचा, आता ७६.
दोन्ही एकदम: सीपीयू ८२, मेमरी ९४. या एका बाबतीत शांतता_हवी यांचं म्हणणं खरं ठरलं, पुढे असताना सीपीयू ७५ च होता. पण तेव्हा कार्ड शंभरीपार होतं.

गुडगुड गेली. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही सेकंद आली, मग आजतागायत नाही.

आवाज बराच कमी आहे, फक्त वरच्या पंख्यांचा वेग चढताना मध्येच एक घुंई ऐकू येते आणि जाते. साधारण हजाराच्या पुढे.

पाना_पक्कड:

ते पत्र्याचं आणि पंख्याचं जुळून येणारं कंपन. वेग हाताने पन्नास-पन्नास फेऱ्यांनी वाढवत जा, घुंई कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते टिपा. मग कर्व्हमध्ये तो टप्पा गाळून टाका: त्याच्या खालच्या वेगावरून थेट वरच्या वेगावर. आणि वरच्या जाळीवर हात दाबून बघा, हाताने थांबत असेल तर जाळीच सैल आहे.

रात्रीचा_रेंडर:

जाळीच होती. मागच्या बाजूची एक खुंटी नीट बसली नव्हती. ती दाबून बसवली, शिवाय १००० ते ११०० चा टप्पा कर्व्हमधून काढून टाकलाय. आता नाही येत.